आधी संवाद, मग साथ

चित्रपट-मालिकांच्या संगीताबद्दल विचारणाऱ्या पत्रांचा ढीग या महिन्यात जरा मोठा आहे. बऱ्याच जणांचे प्रश्न एकमेकांत मिसळणारे होते, म्हणून काही एकत्र केलेत. ज्यांनी स्वतःच्या चाली पाठवून 'कशा वाटल्या कळवा' असं लिहिलंय, त्यांना वेगळं उत्तर जाईल. या पानावर ते काम नको.

ताई, मित्राच्या लघुपटाला पार्श्वसंगीत देतोय. त्याने एडिटवर एका परदेशी चित्रपटाचं संगीत लावून पाठवलंय आणि 'अगदी असंच हवं' म्हणतोय. आमच्याकडे आहे एक लॅपटॉप आणि बासरी वाजवणारा एक मित्र. काय करू?
— एक विद्यार्थी, कर्वेनगर

याला आमच्याकडे टेम्प म्हणतात. कट बसवताना एडिटर हाताशी असेल ते संगीत खाली लावतो, म्हणजे दृश्याला लय मिळते. त्यात वावगं काही नाही. पंचाईत अशी होते की दिग्दर्शक तेच महिनाभर ऐकतो आणि ते संगीत दृश्याबरोबरच जन्मलं असं त्याला वाटायला लागतं. मग तू काहीही ऐकव, त्याचा चेहरा पडतो.

भांडू नकोस. त्याला विचार, यातलं नेमकं काय आवडलं? 'फील' असं उत्तर येईल. तिथे सोडू नकोस. वेग आवडला? वाद्य आवडलं? की संगीत जिथे सुरू होतं ती जागा? बहुतेक वेळा जीव अडकलेला असतो तो जागेत. संगीत कुठल्या क्षणी शिरतं आणि कधी काढता पाय घेतं, ते त्याला भावलेलं असतं. ती जागा तू बिनधास्त घे, जागेवर कुणाचा हक्क नसतो. स्वरांवर असतो. 'आठ मात्रांपर्यंत उचललं तर चालतं', 'सात सेकंद माफ असतात' असं छातीठोकपणे सांगणारे स्टुडिओत हटकून भेटतात. कायद्यात असलं कुठलंही माप नाही.

मग टेम्प म्यूट करून अख्खा लघुपट नुसत्या संवादांवर बघ. दिग्दर्शकालाही शेजारी बसव. मी मूळची पेटीवाली, गवयांच्या साथीला बसून शिकले. गवई गात असताना पेटी त्याच्या मागून चालते, त्याने श्वास घेतला की सुटलेली जागा भरते, आणि भरताना त्याने नुकतं जे म्हटलं तेच धरते. स्वतःचं काही सुचलं तरी गप्प बसते. पडद्यावर संवाद हा गवई आहे, आणि संवाद नसेल तर नटाचा चेहरा. हे एकदा डोक्यात बसलं की कुठे वाजवायचं यापेक्षा कुठे वाजवायचं नाही हा प्रश्न आधी पडतो.

एक उदाहरण देते. भोरकडच्या एका वाड्याला म्हातारा शेवटचं कुलूप लावतोय, असं दृश्य माझ्याकडे आलं होतं. टेम्पमध्ये तो ओसरीवर पाय ठेवतो तिथपासून व्हायोलिनांचा ताफा सुरू, आणि कुलूप लागेपर्यंत आभाळ कोसळलेलं. मी सगळं बंद करून ऐकलं तर खाली काय खजिना होता! किल्ली गंजलेल्या कुलपात अडते, म्हातारा ती काढून धोतराला पुसतो, परत घालतो, आणि मग कर्रकन् फिरवतो. ध्वनिमुद्रकाने ते इतकं जवळून पकडलं होतं की धोतराची खसखससुद्धा ऐकू येत होती. त्यावर व्हायोलिन ओतणं म्हणजे पाप. आम्ही किल्ली बाहेर येईपर्यंत काहीही वाजवलं नाही. तो वळतो, तीन-चार सेकंद नुसती पाठ दिसते, आणि मग दिलरुब्यावर कोमल गंधारावरून षड्जावर उतरणारी एकच मींड. तानपुरा नाही, मागे काही नाही. दिग्दर्शकाने लॅपटॉपवर ऐकून नाक मुरडलं. मोठ्या पडद्यावर बघितल्यावर तो काहीच बोलला नाही. आमच्या धंद्यात याला पास झालं असं समजतात.

तेव्हा बासरीवाला मित्र पुरे आहे. फक्त एक सांभाळ. मधल्या पट्टीची बासरी आणि बाईचा आवाज साधारण एकाच टापूत येतात. नायिका बोलत असताना बासरी वाजली की दोघींचंही नुकसान. तिथे लांब, खर्जाची बासरी घ्यायला सांग, किंवा तिचं वाक्य संपेपर्यंत थांब.

पार्श्वसंगीत अजिबात नसलेला चित्रपट होऊ शकतो का?
— एक वाचक, निगडी

झालाय, आणि आपल्याच गावात, पुण्यात. 'प्रभात' फिल्म कंपनीचा 'कुंकू' १९३७चा. केशवराव भोळे संगीतकार असूनही दिग्दर्शक शांतारामबापूंनी (व्ही. शांताराम) त्यात पार्श्वसंगीत असं ठेवलंच नाही. प्रसंगात जे आवाज असतील तेच आवाज. नायिका इंग्रजी गाणं म्हणते तेव्हा साथीला ग्रामोफोन वाजतो, तो त्या घरातला असतो. लॉ कॉलेज रस्त्यावरचा 'प्रभात'चा तो स्टुडिओ म्हणजेच आजचं एफटीआयआय, चित्रपट शिकवणारी संस्था. इतक्या वर्षांपूर्वी हे धाडस करणाऱ्यांच्या गावात राहून आपण दर दृश्याला चादर घातल्यासारखं संगीत पसरतो, याची कधीकधी गंमत वाटते.

मालिकांमध्ये कुणी दार उघडलं तरी धाडधाड वाजतं आणि एकच वाक्य ऐकून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच संगीत तीन-तीनदा येतं. तुम्हा संगीतकारांना हे खरंच आवडतं का?
— एक आजी, सहकारनगर

आजी, नाही आवडत. पण ते कसं घडतं ते सांगते, म्हणजे शिव्या योग्य पत्त्यावर जातील.

रोजच्या मालिकेचा भाग साधारण बावीस मिनिटांचा, आणि आठवड्याला असे सहा, कधी सात. इतक्या वेगात प्रत्येक दृश्यासाठी संगीतकार नवीन काही करूच शकत नाही. म्हणून तो सुरुवातीला शीर्षकगीत करतो आणि त्याबरोबर एक बँक भरून देतो. बँक म्हणजे तयार तुकडे: दुःख, ताण, प्रेम, खट्याळपणा, देवघर, खलनायिका. प्रत्येकाची तीन-चार रूपं. एक भरगच्च, एक ठेक्याशिवाय, एक नुसत्या सतारीवर, आणि शेवटी तो तुम्हाला छळणारा दोन सेकंदांचा 'ढॅण्ण', त्याला स्टिंग म्हणतात. पुढे रोज रात्री पार्श्वसंगीत लावणारा मुलगा एडिटिंगच्या खोलीत बसून ते तुकडे चिकटवतो. सकाळपर्यंत भाग वाहिनीकडे जायचा असतो. त्याच्यापुढे चेहऱ्यांचे तीन क्लोजअप असतात आणि हाताशी एक स्टिंग. तो काय करेल?

दुसरं कारण प्रेक्षकांच्या सवयीचं. तुम्ही मालिका बघता की ऐकता? फोडणी घालताना, पोळ्या लाटताना टीव्ही चालू असतो. मोठा आवाज झाला की माणूस लाटणं हातात घेऊन बाहेर डोकावतो. वाहिन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. तिसरं, टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्ज नीट येत नाही, म्हणून सगळं संगीत मधल्या पट्टीत कोंबलं जातं. नेमकं तिथेच माणसाचं बोलणं असतं. तुम्ही आवाज वाढवता ते संवाद ऐकायला, आणि वाढतं संगीत.

त्या रात्रीच्या मुलाला मात्र काही बोलू नका. या धंद्यातला सगळ्यात कमी झोपणारा माणूस तो.

मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आता सोडून संगीतकार व्हायचं म्हणतो. कुठला कोर्स करावा आणि पोट भरेल का? कृपया स्पष्ट लिहावे.
— एक वडील, चिंचवड

स्पष्टच लिहिते. पदवी पुरी करू दे. मी घाबरवत नाहीये. उरलेलं दीड वर्ष तसंही त्याला उमेदवारीत घालवायचंच आहे, ते कॉलेजात राहून जास्त छान जमतं. पुण्यात 'पुरुषोत्तम' आणि 'फिरोदिया' करंडक या कॉलेजच्या स्पर्धा याच वयात करता येतात. एकांकिकेचं संगीत त्याने करावं, आणि प्रयोगाला ते स्वतः वाजवावं. भरत नाट्य मंदिराच्या विंगेत अंधारात बसून, नटाने आज वाक्य उशिरा घेतलं तर बोट तेवढंच थांबवायचं, प्रेक्षक हसले तर हशा ओसरू द्यायचा आणि मग सुरू करायचं, हे शिकवणारा कोर्स अजून मला दिसलेला नाही. एफटीआयआयमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचं शिक्षण उत्तम मिळतं. त्याचा कल तिकडे असेल तर जरूर प्रयत्न करावा. पण ते संगीतरचनेचं शिक्षण नव्हे, हा फरक त्याला आधी समजू द्या.

एक वाद्य हातात हवं, नीट. कुठलंही चालेल. आणि गाण्याच्या क्लासला जात असेल तर तो बंद करू नये.

पोटाचं. बहुतेक कामं 'पॅकेज'वर मिळतात. निर्माता एक ठोक रक्कम ठरवतो. तीतूनच गायक, वादक, स्टुडिओचं भाडं, मिक्सिंग, चहा-वडापाव सगळं भागवायचं. जे उरेल ते संगीतकाराचं. नवीन मुलं आकडा ऐकून हरखतात आणि व्हायोलिनवाल्यांना बोलावून बसतात. मग हातात काही उरत नाही. तेव्हा त्याला हिशेब लिहायला लावा. अभियांत्रिकीचा मुलगा आहे, एक्सेल तर येत असेलच.

घरातच स्टुडिओ करतोय. शुक्रवार पेठेत दहा बाय दहाची खोली आहे. भिंतींना अंड्याचे ट्रे लावले तर बाहेरचा आवाज येणार नाही ना?
— एक वाचक

येणार. ट्रे पुठ्ठ्याचे, त्यातून रिक्षासुद्धा अडत नाही. वरचे थोडे तीक्ष्ण सूर ते खातात, म्हणून खोली 'स्टुडिओसारखी' वाटते, आणि पुढे झुरळं होतात. शिवाय एका ठिणगीत पेट घेतात.

बाहेरचा आवाज अडवायचा तर वजन हवं आणि फटी बुजवायला हव्यात: भरीव दार, दाराखाली रबर, खिडकीला दुसरी जाड काच. आतला घुमारा मारायचा तर रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर. भवानी पेठेत टिंबर मार्केटमधून लाकडी पट्ट्या आणून चौकटी करा, त्यात चार इंच रॉकवूल भरा, वरून साधं सुती कापड ताणा. आधी कोपरे भरा, मग तुम्ही बसता त्याच्या दोन्ही बाजू. तुमची खोली चौरस आहे ही खरी अडचण. दहा फुटांच्या दोन्ही भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज फुगतो, आणि लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळे दुप्पट त्रास देतो. तिथे मिक्स केलेल्या गाण्यात खर्ज भरपूर आहे असं वाटेल, बाहेर गाडीत ऐकाल तर गायब.

आणि गणपतीचे दहा दिवस रेकॉर्डिंग लावू नका. शुक्रवार पेठेत ढोल-ताशांपुढे कुठलंही रॉकवूल टिकत नाही. तेव्हा हेडफोन घालून एडिटिंग उरकावं.

माझं संगीत चित्राबरोबर सुरुवातीला जुळतं, शेवटी पुढे पळतं. दोनदा सगळं नव्याने केलं. कुठे चुकतंय?
— एक वाचक, हडपसर

फ्रेम रेट बघा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सचा, आपल्याकडचा टीव्ही २५चा. २४चं चित्र कुणी २५वर चालवून तुम्हाला दिलं की दहा मिनिटांचा लघुपट ९ मिनिटं ३६ सेकंदांत संपतो, आणि त्यावर बसवलेलं संगीत मूळ चित्राच्या पुढे पळतं. एडिटरकडून फाइल घेताना तीन गोष्टी लेखी मागा: फ्रेम रेट, सुरुवातीचा टाइमकोड (चित्रावरची तास-मिनिट-सेकंद-फ्रेमची वेळ), आणि कट लॉक झालाय का, म्हणजे एडिट पक्कं झालंय का. लॉक झाला नसेल तर वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग करू नका, मग दिग्दर्शक कितीही शपथा घेवो.

फ्रेम रेट बरोबर असेल तर सॅम्पल रेट बघा, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती नमुने घेतलेत ते. चित्रासाठी ४८ किलोहर्ट्झवर काम करायचं. ४४.१ची फाइल कुणी रूपांतर न करता ४८वर वाजवली तर वेग नऊ टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि पट्टीही चढते. काळी एकमध्ये गायलेली बाई पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी चिरकताना ऐकू येते. हे कानाला लगेच कळतं, म्हणून आधी पट्टी तपासा, मग घड्याळ.

देताना चित्राच्या पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेमचा 'टूक', म्हणजे छोटासा बीप, ठेवा. मिक्सिंगवाला तो जुळवून घेतो आणि तुम्हाला रात्री दोनला फोन येत नाही. ठेका, तंतुवाद्यं, गायन, बाकीचं असं वेगवेगळ्या ट्रॅकवर द्या. संवादाच्या आड ठेका येत असेल तर तो नुसता ठेका कमी करील, अख्खं संगीत दाबणार नाही.

निर्माते करारावर सही मागताहेत. 'सर्व हक्क कायमचे निर्मात्याकडे, रॉयल्टी नाही' असं लिहिलंय. नाव मोठं देऊ म्हणतात.
— एक संगीतकार, पिंपळे सौदागर

नाव तर द्यायलाच हवं, त्यात उपकार कसले? १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली ती वाचा. चित्रपटगृहात चित्रपटासोबत वाजण्यापलीकडे तुमचं संगीत जिथे वापरलं जाईल, तिथल्या रॉयल्टीतला तुमचा समान वाटा सोडून देण्याचा करारच चालत नाही. म्हणजे 'रॉयल्टी नाही' या ओळीला तिथे अर्थ नाही. हक्क द्यायचे असतील तर कुठले, किती मुदतीसाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लेखी हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच ते 'कायमचे' असं मुद्दाम लिहितात.

आयपीआरएसचं सभासद व्हा. संगीतकार-गीतकारांची ही संस्था १९६९पासून आहे. आणि क्यू शीट स्वतः भरा: प्रत्येक तुकड्याचं नाव, किती सेकंद, कुठल्या दृश्यात. कंटाळवाणं काम आहे, पण क्यू शीट नसेल तर पार्श्वसंगीताचे पैसे कुणाच्या नावावर जमा करायचे हे कुणालाच कळत नाही. सहीपूर्वी वकिलाला दाखवाच. माझं उत्तर त्याच्या फीपेक्षा स्वस्त आहे, तेवढंच कच्चंही.

जेजुरीवर माहितीपट करतोय. जागरणाचं दृश्य आहे. संबळाचे चांगले सॅम्पल, म्हणजे तयार ध्वनिमुद्रित आवाज, कुठे मिळतील?
— एक दिग्दर्शक, सासवड

अहो, सासवडला राहून हे विचारताय? जेजुरी दाराशी आहे तुमच्या. आणि जागरण वाघ्या-मुरळीचं. त्यात दिमडी (छोट्या डफासारखं वाद्य), तुणतुणं आणि मुरळीच्या हातातली घाटी, म्हणजे छोटी घंटा, ऐकू यायला हवी. संबळ म्हटलं की आधी देवीचा गोंधळ आठवतो. तुमच्या दृश्यात खरोखर संबळ वाजत असेल तर प्रश्नच नाही, नसेल तर 'लोकसंगीत' म्हणून वरून घालू नका. जाणकार प्रेक्षक पहिल्या घावाला ओळखतो.

सॅम्पल विसरा, माणसं बोलवा. तबला-ढोलकचे सॅम्पल ढिगाने मिळतात, दिमडीची बोटं त्यात सापडत नाहीत. पावसाळा असेल तर कातडं सैल पडतं, तेव्हा शेकायची सोय ठेवा. आम्ही एकदा इमारतीच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्रं पेटवून दिमडी शेकत होतो, तर वरच्या गॅलरीतून सेक्रेटरी, "ताई, होळीला अवकाश आहे ना?" शेकून झाल्यावर वाघ्याने बोटाने एक टिचकी मारली आणि मान हलवली. पुढचा टेक थेट ओके.

त्यांच्या कानात क्लिक, म्हणजे ठरलेल्या वेगाची टिकटिक, घालू नका. क्लिक घातली की ताल ताठ होतो आणि गाणारा शब्द गिळतो. मोकळं वाजवू द्या, नंतर त्यांच्या वाजवण्यावरून सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो मॅप, म्हणजे कुठे किती वेग आहे याचा नकाशा, काढा आणि बाकीची वाद्यं त्यावर बसवा. पट्टीचंही तेच. तुणतुण्याची तार काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधे कुठेतरी लागलेली असेल. ती पियानोला जुळवायला लावू नका, तुमचा पियानो तेवढा सरकवा. एक माइक दिमडीपासून दीडेक फुटावर, जरा तिरका. दुसरा खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात. घाटीचा आवाज टोचतो, म्हणून मुरळीला दोन पावलं मागे उभं करा, पण उभं करा. बसून जागरण होत नाही.

मानधन त्याच दिवशी, निघायच्या आधी हातात द्या. त्यांची जायची-यायची गाडी तुमची. आणि श्रेयनामावलीत 'वाघ्या-मुरळी मंडळी, जेजुरी' असं मोघम लिहू नका. प्रत्येकाला पूर्ण नाव विचारा, स्पेलिंगसकट वहीत लिहून घ्या, आणि त्यांच्याकडूनच एकदा वाचून घ्या.